गाठ तिची, तोंड माझं

डॉक्टरांनी माझ्या बायकोला प्रश्न विचारला आणि उत्तर मी दिलं.

प्रश्न साधा होता. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग तेवढाच काढायचा, की पूर्ण स्तन काढायचा? मी म्हणलो, "पूर्ण काढून टाका." पानवाल्यानं चुना विचारावा आणि आपण 'कमी' म्हणावं, तेवढ्या वेळात. बायको शेजारच्याच खुर्चीवर होती. मांडीवर प्लास्टिकची फाइल, फाइलवर दोन्ही हात. तिचं तोंड किंचित उघडलं होतं, एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं होतं. ते उत्तर द्यायला उघडलं होतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

माझी बाजू लंगडी आहे, पण सांगतो. मुकुंदवाडीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या, बोअरच्या जळलेल्या मोटारी येतात, मी त्यांचं जळकं तांबं उपसतो आणि नवं भरतो. तीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो. एक कॉइल जळाली म्हणून एकच बदलायची नसते. शेजारच्या कॉइलींचं वार्निश भाजलेलं असतं, वरून दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं तेवढीच बदला, आपण तेवढीच बदलतो, आणि पंधरा दिवसांत तीच मोटार ट्रॅक्टरमध्ये बसून परत येते, सोबत गिऱ्हाइकाच्या शिव्या. म्हणून माझ्या दुकानात अर्धं काम होत नाही. डॉक्टर 'तेवढाच' म्हणले आणि माझ्या डोक्यातली ती तीस वर्षं बोलून मोकळी झाली. बायको तिथं नव्हतीच. टेबलावर मोटार होती.

माझा स्वतःवर राग आहे, त्याचं पुढं येईलच. पण डॉक्टरांवरचा आधी सांगतो, कारण ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, बायको बरी आहे, आणि तो राग काही जात नाही. ह्या माणसानं दहा मिनिटं चांगलं समजावून सांगितलं. रिपोर्टच्या पाठीमागं बॉलपेननं चित्र काढलं. गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे. तेवढीच काढली तर नंतर काही आठवडे रोज रेडिएशनला यावं लागेल, ज्याला आपल्याकडं लोक शेक म्हणतात. पूर्ण काढलं तर बहुतेक शेक लागणार नाही, नक्की काय ते ऑपरेशननंतरच्या तपासणीत कळेल. ह्यांच्या बाबतीत दोन्ही रस्ते सारखेच सुरक्षित आहेत, तेव्हा ह्यांना काय हवं ते महत्त्वाचं. हे सगळं बोलला तो माझ्याकडं बघून. खुर्ची माझ्याकडं वळवलेली, चित्र माझ्यापुढं सरकवलेलं. 'ह्यांना काय हवं' हे सुद्धा मलाच. मी उत्तर दिल्यावर त्यानं मान डोलावली आणि लिहून टाकलं. सिस्टरनं फॉर्म आणला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं, बायकोनं सही केली. खाली नातेवाइकाची सही. ती मी केली, खिशातलं पेन काढून, ऐटीत.

माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. वस्तीतल्या पोरांची वजनं, त्यांच्या लसी, त्यांच्या आयांचे दिवस, सगळं तिला तोंडपाठ. तिनं लिहिलेलं वजन सरकार खरं मानतं. आणि तिच्या स्वतःच्या छातीचं काय करायचं, ते एका मोटारवाल्याला विचारून लिहून घेतलं.

ऑपरेशनला बारा दिवस होते. स्कूटरवर येताना सिडकोपर्यंत ती काहीच बोलली नाही. तिथं म्हणली, "पेट्रोल टाका, काटा खाली आलाय." मला वाटलं, चला, सावरली.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडं बैठक भरली. आमच्यात वाटणी असो की सोयरीक, चार माणसं बसल्याशिवाय काही ठरलं असं मानत नाहीत. थोरला भाऊ खुलताबादहून पिशवीभर सीताफळं घेऊन आला. मेहुणा आला, दोन चुलते आले. सगळे बाप्येच. माझ्या बायकोच्या छातीवर बैठक भरली होती आणि छाती हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. 'तिथली गाठ.' 'ते बायकांचं.' 'वरचं ऑपरेशन.' एका चुलत्यानं कॅलेंडरकडं बघत विचारलं की त्याचं मूळ कुठवर गेलंय, जणू बांधावरच्या बाभळीची चौकशी. बायको आत चहा ठेवत होती. आमच्या घराची मधली भिंत इतकी पातळ आहे की आत चमचा कपाला लागला तरी बाहेर ऐकू येतं. मग बाहेरचं आत किती जात असेल ते बघा.

मी सांगितलं, पूर्ण काढायचं ठरवलंय. भाऊ म्हणला, "बरं केलं. ठेवून तरी काय करायचंय आता? पोरांची लग्नं झाली."

मी म्हणलो, "व्हय ना."

हे दोन शब्द माझ्या तोंडून गेलेत. दुसऱ्या कुणी घातले म्हणायची सोय नाही. भावाचा राग येतो, पण भाऊ सुटतो एका अर्थानं. त्यानं जन्मभर भाकड म्हशी विकल्या, तो त्याच हिशेबानं बोलला. मला ती बाई बत्तीस वर्षं माहीत होती. मला सुटायला जागा नाही. थोड्या वेळानं चहा आला. सगळ्यांपुढं कप ठेवले गेले, माझा आलाच नाही. मी मनात म्हणलो, टेन्शनमध्ये आहे बिचारी, विसरली. उठून आत गेलो, स्वतःच ओतून घेतला आणि वर बिस्किटं कुठं ठेवलीत म्हणून विचारलं.

त्याच आठवड्यात ऑपरेशनआधीच्या तिच्या हृदयाच्या तपासणीला गेलो. मी खाली स्कूटर लावायला जागा शोधत असताना रांगेत तिच्या शेजारी एक बाई येऊन बसली. साठीच्या पुढची, उंच, जाड चष्म्याची, महापालिकेच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेली. तिचं हेच ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी झालेलं. आमच्या पलीकडच्या कॉलनीत बुद्धविहाराचा हॉल आहे. तिथं दर गुरुवारी दुपारी ह्या आजारातून गेलेल्या आणि जात असलेल्या बायका जमतात, तू ये, असं तिनं सांगितलं. तिला सगळ्या आक्का म्हणतात. मी जिना चढून वर येईपर्यंत बायकोनं जायचं ठरवून टाकलं होतं. मला राग आला. न विचारता ठरवते म्हणजे काय?

गुरुवारी मीही गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. हॉलमध्ये सतरंजी, तिच्यावर आठ-नऊ बायका. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाचे केस नुकते उगवून बारीक कुरळे झालेले. मी सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसलो. एकेकीनं आपलं सांगितलं, बायकोची पाळी आली. तिनं पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि मी सुरू झालो. हिला अशी अशी गाठ आहे, इतकी मोठी आहे, पूर्ण काढायचं ठरलंय, हिच्या मनाची तयारी झालेली आहे.

आक्कानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "भाऊ, गाठ कुणाला झालीय?"

"हिला."

"मग तुमचं तोंड कामून चाललंय?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठून बाहेर आलो आणि चपलांशेजारी बसलो.

तिथं डोकं तापलं. चार गावांच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारी ज्याच्या हातून जातात, त्याला एका बाईनं चपलांत बसवलं. आतून आधी कुजबुज ऐकू आली, मग दार लावल्याचा आवाज, मग हसणं. हसणं ऐकून तर अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरात आठवडाभर सुतक पाळल्यासारखं चाललंय, आणि ह्या हसतात? दाराशी एक परडी होती. तिच्यात सुती कापडाच्या छोट्या गोल उशा, हातात घेतल्या की आत मोहरी सरकायची. तान्ह्या पोराच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतात, तशीच. म्हणलं, कुणाच्या तरी नातवासाठी शिवल्या असतील. एक घेतली, भिंतीला लावली, तिच्यावर मान टाकली आणि राग राग करत डोळे मिटले. राग कधी संपला आणि झोप कधी लागली, कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा सगळ्या दारात उभ्या होत्या. आक्का म्हणली, "भाऊ, ती उशी नाय."

मग तिनं शाळेत सूचना वाचावी तसं सांगितलं. ज्यांचं पूर्ण काढलंय त्यांच्यासाठी ती हे घरी शिवते. ब्लाउजला आतून खिसा असतो, त्यात जातं. कापसानं आकार येतो, मोहरीनं वजन येतं, वजन नसलं तर चालताना एक खांदा वर राहतो. मी ज्याच्यावर मान टाकून घोरत होतो, ते डोक्याला रुमाल बांधलेल्या ताईंचं होतं. ताईंनी ते माझ्या हातातून घेतलं, दोनदा झटकलं आणि पिशवीत टाकलं.

आणि माझी बायको हसली. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा. भिंतीला हात लावून, पोट धरून हसली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. घरी मी आठवडाभर तिला हसवायला काय काय सोंगं केली होती, ती गेली वाया, आणि इथं परक्या बायकांत माझ्यावर हसतेय.

परत येताना स्कूटरवर तिनं सांगितलं. मी बाहेर असताना दोघी तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. एकीचं पूर्ण काढलेलं, एकीची गाठच काढलेली. दोघींनी ब्लाउज काढून दाखवलं. एकीचं सपाट, आडवी शिवण, गोधडीला असते तशी. दुसरीच्या एका बाजूला खळगा, आणि शेकानं काळवंडलेली कातडी आता हळूहळू उजळत चाललेली. काय दुखलं, काय नाही, हात वर कधी गेला, आरशात कधी बघितलं, नवरा काय म्हणला, सगळं सांगितलं.

"हात लावून बघ म्हणल्या," ती म्हणली. "बघितला."

मी एका रिक्षात जवळजवळ घुसलोच. बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं इतकं उघड कधी बोललो नव्हतो, आणि ह्या बायकांची ओळख दोन तासांची. पुढं ती म्हणली की शनिवारी डॉक्टरांना परत भेटायचंय, आक्का सोबत येणार आहे, तुम्ही दुकानात थांबा.

शहाणा माणूस दुकानात थांबला असता. मी दुकानात बसून विचार केला, तिथंच घोटाळा झाला. परत भेटायचंय म्हणजे तिला पूर्ण काढायचं नाही. उघड आहे. बाईमाणूस आहे, तिला ठेवायचंच असणार. मला पश्चात्तापाचा असा उमाळा आला की वार्निशचा डबा उघडाच राहिला. चूक मी केली, मग तिनं तिथं जाऊन तोंड का वेंगाडावं? मीच निस्तरतो. ती शनिवारी जाणार होती, मी शुक्रवारीच गेलो, एकटा, आणि डॉक्टरांना म्हणलो, आमचा विचार बदललाय, गाठच तेवढी काढा.

आमचा.

डॉक्टर म्हणले, काही हरकत नाही. फाइलवरचं जुनं खोडलं, वर नवं लिहिलं. एका बाईचा स्तन दोनदा ठरला, एकदा जायचा, एकदा राहायचा, आणि दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही. साधा वायरमन भिंतीला भोक पाडायच्या आधी विचारतो, वहिनी, बटण कुठं पाहिजे? ह्या शिकलेल्या माणसाला ते सुचलं नाही. आणि त्याच्या नावानं मोठ्यानं ओरडावं तर लगेच आठवतं, की तिथं सांगायला गेलेला गाढव कोण होता. मी तर शिट्टी वाजवत घरी आलो होतो. मनात म्हणत होतो, उद्या कळेल तिला, काय खूश होईल.

शनिवारी दुपारी ती दुकानात आली. दुकानात ती वर्षातून एकदा येते, खंडेनवमीला, मशीनला हळदकुंकू लावायला. त्या दिवशी खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं लाल, आणि पाच पावलं मागं आक्का. करमाडकडचं एक गिऱ्हाईक आपल्या मोटारीची वाट बघत स्टुलावर बसलं होतं.

"काल डॉक्टरकडं कोण गेलं होतं?"

मी हसून म्हणलो, "कळलं का?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, घरचं भांडण झालं असतं, आणि घरच्या भांडणात मी तरबेज आहे. ती सावकाश बोलली, पोराला वजनकाट्यावर उभं करताना बोलते तसं.

"वहीत सोळा प्रश्न लिहून नेले होते. खुर्ची माझ्याकडं करा म्हणलं, त्यांनी केली. सोळाच्या सोळा विचारले. मग सांगितलं, मला पूर्ण काढायचंय. तर ते म्हणले, काल मिस्टर वेगळंच सांगून गेले, तुम्ही आधी घरी काय ते नक्की करा."

"पूर्ण?" मी म्हणलो. "अगं, मग ते तर मी पहिल्याच दिवशी—"

"तुम्ही तुमच्या मोटारीचं सांगितलं होतं. मी माझं सांगतेय."

गिऱ्हाईक स्टुलावरून उठलं आणि कोपऱ्यातल्या एका मोटारीवरची पाटी वाचायला लागलं.

तिनं तिची कारणं सांगितली. रोज उठून त्या मशीनखाली जाऊन पडायचं तिला नको होतं. राहिलेल्या भागात परत काही निघेल का, ही धाकधूक नको होती. दुसऱ्या ताई गाठच काढून समाधानी आहेत, ते त्यांचं. तिनं सपाट शिवणीवर हात ठेवून बघितला होता आणि तिची भीती तिथं गेली होती. शेक लागणार नाही असं नक्की नाही, हेही तिनं विचारून घेतलं होतं. मग म्हणली, "उद्या पस्तावले तर माझं मी पस्तावेन. तुमच्या म्हणण्यावर काढलं असतं, तर जन्मभर तुमचं तोंड बघून पस्तावले असते."

तिनं पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"भावजी म्हणले, ठेवून काय करायचंय. तुम्ही व्हय म्हणले. मी चहा गाळत होते. काय करायचंय ठेवून, ते मला माहीत होतं. तरी मी काढायचं ठरवलं. त्याला लई जोर लागला मला."

अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी म्हणलो, "चहा घेता का?"

आक्का म्हणली, नको. दोघी रिक्षा करून परत दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांना फाइल उघडायला लावली, नवं लिहून घेतलं, आणि बायकोनं ते मोठ्यानं वाचून मग सही केली. त्या गेल्यावर गिऱ्हाईक कोपऱ्यातून परत आलं. म्हणलं, "मालक, माझ्या मोटारीचं काय ते मला विचारून करा बरं का."

त्या दिवसापासून मी गप्प राहायची शपथ घेतली. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत एकदाच मोडली. भावाचा फोन आला, ऐकलं की दोनदा विचार बदलला म्हणे, बायकांचं असंच असतं. मी म्हणलो, "दादा, बदलला मी. तिचा एकच होता. आणि स्तनाचा कॅन्सर आहे तो, तिथला-बिथला नाय. स्तन. म्हणा एकदा." त्यानं फोन ठेवला. थोरल्या भावाला मी जन्मात पहिल्यांदा उलटं बोललो. छाती इतकी फुगली की बायकोला जाऊन सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणली, बरं झालं, आता ते टॉवेल पिशवीत भरा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला हिरवा गाऊन घातला, स्ट्रेचरवर घेतलं. मी पायाशी उभा, आक्का उशाशी. पाच दिवस मी तोंड शिवून होतो, आणि काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून हात शिवशिवत होते. तेवढ्यात नवीन सिस्टर फाइल घेऊन आली. तिनं बायकोला नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग म्हणली, ऑपरेशन कोणत्या बाजूचं आहे, तुम्ही सांगा.

मी ठणकावून म्हणलो, "डाव्या."

सिस्टरचं पेन थांबलं. आक्कानं डोळे मिटून घेतले. बायको झोपल्या झोपल्या म्हणली, "उजव्या," आणि गाऊन बाजूला करून कातडीवर डॉक्टरांनी केलेली खूण दाखवली. उजव्याच बाजूला होती. मी इतके दिवस समोर उभा राहून बघत होतो, माझ्या डाव्या हाताला जे दिसतं त्याला डावं म्हणत होतो. ज्याचं काय करायचं ते मी दोनदा ठरवून आलो होतो, ते कोणत्या बाजूला आहे हे मला ठाऊक नव्हतं.

सिस्टर एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागली. बायकोनं तिच्या हाताला धरलं.

"सिस्टर, ह्यांचं काही मनावर घेऊ नका. बत्तीस वर्षं झाली, घरातला गॅस कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो, ते पण ह्यांना अजून माहीत नाय."